गेटवरची बेल थेट फोनवर: व्हिडिओ डोअर फोनची सिप सेटिंग, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सांगलीला आमचे आईबाबा वरच्या मजल्यावर राहतात आणि गेट खाली, अंगणाच्या पलीकडे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बेल वाजली की ती "थांबा हो, येतेय" म्हणत कठडा धरून एकेक पायरी उतरायची, आणि ती पोचेपर्यंत कुरिअरवाला निघून गेलेला असायचा. म्हणून गेटवर नेटवर्कवर चालणारा व्हिडिओ डोअर फोन बसवला. आता कोणी बटण दाबलं की आईच्या मोबाईलवर चित्र येतं, ती बोलते, आकडे दाबते, गेट उघडतं. तिने वीस सेकंदांत उचललं नाही तर तोच कॉल पुण्यात माझ्या फोनवर वाजतो.

गेटवरचं पॅनेल, म्हणजे बटण आणि कॅमेरा असलेला डबा, भिंतीवर लावायला एक दुपार पुरली, पण सेटिंगला दोन रविवार लागले. पडद्यावर 'रजिस्टर्ड' असा हिरवा ठिपका दिसत होता, फोनही वाजत होता, आणि उचलला की शांतता. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय. अनुभव एका घराचा असला तरी जवळपास सगळ्या कंपन्यांच्या पॅनेलमध्ये हेच रकाने असतात. नावं थोडी इकडेतिकडे.

आधी हे समजून घ्या

इंटरनेटवरून कॉल लावायची जी ठरलेली पद्धत आहे तिचं नाव एसआयपी, बोलताना सगळे 'सिप' म्हणतात. आज वापरात असलेली तिची आवृत्ती जून २००२ मध्ये 'आरएफसी ३२६१' या क्रमांकाने प्रसिद्ध झाली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). सिपचं काम निरोप्याचं: अमुक पॅनेल अमुक फोनला बोलावतंय, त्याने उचललं, त्याने ठेवलं, इतकंच. प्रत्यक्ष आवाज आणि चित्र सिपमधून जातच नाही. ते आरटीपी नावाच्या वेगळ्या वाटेने, वेगळ्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांक दिलेलं दार) जातं. निरोपाचा पोर्ट सहसा ५०६०, सुरक्षित जोडणी असेल तर ५०६१. आवाजासाठी मात्र दर कॉलला वेगळा, बरेचदा दहा हजारांच्या वरचा, कुठला तरी पोर्ट निवडला जातो.

हिरवा ठिपका फक्त निरोप्याची वाट मोकळी असल्याचं सांगतो. आवाजाची वाट तुंबलेली असू शकते, ती वेगळी तपासावी लागते. कुलूप उघडणारा आकडा ही तिसरी गोष्ट, तीही वेगळी तपासायची. फोन वाजतो का, दोन्हीकडून ऐकू येतं का, कुलूप उघडतं का, या क्रमाने गेलात तर अडचण कुठे आहे ते लगेच कळतं.

खरेदी आणि वायर

पॅनेल घेण्याआधी माहितीपत्रकात 'सिप' हा शब्द आहे का बघा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वाय-फाय बेल बहुधा फक्त स्वतःच्या अ‍ॅपवर चालतात. त्या वाईट असतात असं नाही, पण त्यांना हा लेख लागू नाही.

गेटपर्यंत वाय-फाय पोचतं म्हणून त्यावर विसंबू नका, कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल टाका. पीओई स्विच घेतला तर वीज आणि नेट एकाच केबलमधून जातं, १०० मीटरपर्यंत चालतं. स्विच '८०२.३ एएफ' प्रकारचा हवा; तो एका पोर्टला १५.४ वॉट देतो आणि केबलमधली घट धरून पॅनेलला १२.९५ वॉट नक्की मिळतात. राउटर, स्विच आणि कुलपाचा अ‍ॅडॉप्टर, तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेल्यावर गेटबाहेर माणूस उभा आणि बेल मुकी, हे पावसाळ्यात फार होतं.

पॅनेलला कायमचा पत्ता द्या

कंपनीच्या शोधक सॉफ्टवेअरने पॅनेल सापडतं. मग ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकून आत जायचं. पहिलं काम, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलणे. नंतर करू म्हणून सोडू नका.

मग आयपी पत्ता पक्का करा. सोपा उपाय म्हणजे राउटरमध्ये जाऊन त्या पॅनेलसाठी एक पत्ता राखून ठेवणे. पॅनेलमध्येच हाताने पत्ता भरत असाल तर राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या टप्प्याबाहेरचा घ्या, आणि गेटवे (म्हणजे राउटरचा पत्ता) व डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) हे दोन रकाने रिकामे सोडू नका. डीएनएस नसेल तर पॅनेलला सर्व्हरचं नाव शोधता येत नाही. मग नाव आणि पासवर्ड बरोबर असूनही रजिस्ट्रेशन होत नाही आणि माणूस पासवर्डच पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

याच पानाच्या आसपास वेळेची सेटिंग असते. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप लावणारी सोय) चालू करा, टाइम झोन साडेपाच तास पुढे ठेवा. कॉलसाठी घड्याळ कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर पुढे येतं.

कॉल कुणामार्फत जाणार?

पॅनेल आणि मोबाईल यांच्यामध्ये कुणीतरी लागतं, कारण मोबाईलचा पत्ता दिवसातून दहा वेळा बदलतो. घरातल्या घरात, भिंतीवरच्या मॉनिटरला कॉल लावायचा असेल तर मध्ये कोणी लागत नाही. मॉनिटरचा आयपी पत्ता बटणाला दिला की झालं. पण बाहेरगावी फोन वाजायला हवा असेल तर सिप सर्व्हर हवाच.

मोठ्या सोसायटीत, जिथे प्रत्येक फ्लॅटला एक्स्टेन्शन, वॉचमनच्या केबिनला एक फोन आणि दोन-तीन गेट आहेत, तिथे स्वतःचं पीबीएक्स, म्हणजे आपलंच छोटं टेलिफोन एक्स्चेंज, बसवणं योग्य. अ‍ॅस्टेरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, आणि फ्रीपीबीएक्स घेतलं तर त्याची सेटिंग ब्राउझरमधून करता येते. एका घरासाठी मात्र मी तो घाट घालणार नाही. घरातला आणखी एक छोटा कॉम्प्युटर सांभाळायला आईबाबांकडे कोण आहे? आम्ही फ्रान्समधल्या कंपनीचं लिनफोन वापरलं. त्यांचं मोबाईल अ‍ॅप आहे आणि त्यांच्या सर्व्हरवर खातंही मोफत मिळतं. एक खातं गेटचं, एक आईचं, एक माझं, अशी तीन उघडली. गेट आणि आई यांना एकच खातं देऊ नका. पॅनेल स्वतःलाच कॉल लावायला जातं.

अ‍ॅप नको, गेटवरून थेट नेहमीच्या मोबाईल नंबरवरच फोन यावा, असं काहींना वाटतं. त्यासाठी परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच सिप ट्रंक (सिपला नेहमीच्या फोन नंबरांशी जोडणारी लाइन) घ्यायचा. कुठल्याशा परदेशी स्वस्त सेवेतून भारतातले नंबर फिरवण्याच्या फंदात पडू नका.

खात्याचे रकाने

'सिप अकाउंट' किंवा 'व्हीओआयपी' असं पान उघडा. 'सर्व्हर' किंवा 'डोमेन' मध्ये सर्व्हरचं नाव, मागेपुढे काही न जोडता. 'युजर आयडी' म्हणजे खात्याचं नाव. तिथे अख्खा सिप पत्ता न टाकता अ‍ॅटच्या आधीचा भागच टाका. 'ऑथेंटिकेशन आयडी' वेगळा दिलेला नसेल तर तेच नाव पुन्हा. 'डिस्प्ले नेम' म्हणजे फोनवर दिसणारं नाव, ते रोमन अक्षरात ठेवा, कारण काही पॅनेल देवनागरीचे चौकोन करून टाकतात. 'आउटबाउंड प्रॉक्सी' सेवेने दिला असेल तरच भरा. 'एक्स्पायरी' ३६०० सेकंद असते, म्हणजे तासातून एकदा पॅनेल हजेरी लावतं.

'ट्रान्सपोर्ट' मध्ये यूडीपी, टीसीपी, टीएलएस असे तीन पर्याय. जमत असेल तर टीएलएस, म्हणजे निरोप कुलूपबंद करून पाठवणारा पर्याय, निवडा आणि पोर्ट ५०६१ करा.

सेव्ह केल्यावर पॅनेलची लॉग फाइल उघडायची सवय लावा. तिथे तीन आकडी क्रमांक दिसतात आणि ते अगदी स्पष्ट बोलतात. पहिल्यांदा '४०१' दिसला तर घाबरू नका. सर्व्हर आधी "कोण तू, ओळख पटव" असं विचारतो, पॅनेल पासवर्डवरून तयार केलेलं उत्तर देतं, आणि मग '२००' येतो. हा रोजचा शिष्टाचार आहे. '४०१' पुन्हा पुन्हा येत राहिला किंवा '४०३' आला तर बहुधा नाव नाहीतर पासवर्ड चुकलाय. '४०४' म्हणजे ज्याला बोलावताय तो नंबर या सर्व्हरला माहीत नाही. '४०८' म्हणजे पलीकडून उत्तरच नाही: डीएनएस, गेटवे, पोर्ट बघा. '४८०' म्हणजे नंबर आहे, पण फोन सध्या हजर नाही. '४८८' म्हणजे फोन सापडला, पण दोघांना एकमेकांची भाषा जुळेना. तिकडे लगेच वळू.

भाषा जुळवणे

आवाजाला 'पीसीएमए' आणि 'पीसीएमयू' हे दोन कोडेक (आवाज-चित्र आकड्यांत बदलायच्या पद्धती) चालू ठेवा. दोन्ही जी.७११ चे प्रकार, ६४ केबीपीएसचे, आणि बहुतेक प्रत्येक सिप उपकरणाला येतात. चित्राला एच.२६४. एच.२६५ ने डेटा वाचतो, पण कॉलमध्ये अनेक अ‍ॅपना ते दाखवता येत नाही: आवाज येतो आणि पडदा काळा. कॉलसाठीचं चित्र ६४० बाय ४८०, सेकंदाला १५ फ्रेम आणि ५१२ केबीपीएस इतकंच ठेवा. गेटवर कोण आहे हे ओळखायला तेवढं पुरतं, आणि बसमध्ये असलेल्या फोनवरही अडकत नाही.

'एसआरटीपी' म्हणजे आवाज कुलूपबंद करून पाठवणे. पॅनेलमध्ये 'सक्तीचं' आणि फोनमध्ये 'बंद' असं झालं की '४८८' ठरलेला. दोन्हीकडे सारखं ठेवा.

मग बटणाला नंबर द्या. पहिला आईचा, २० सेकंदांनी माझा. एकूण बोलण्याची मर्यादा दोन मिनिटं ठेवली, नाहीतर फोन ठेवायचा राहिला तर गेट तासभर व्यस्त. पहिली चाचणी फोन घरच्याच वाय-फायवर ठेवून करा. घरात नीट चालल्याशिवाय बाहेरच्या चाचणीला जाऊ नका. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा.

कुलूप: इथे घाई करू नका

आमच्याकडे फोन वाजला, आवाज आला, चित्र आलं. आई वर फोन घेऊन बसलेली, बाबा खाली गेटपाशी. आईने आकडा दाबला, कुलूप ढिम्म. पुन्हा दाबला. खालून बाबा ओरडले, "अगं, आवाज येतोय की इथं!" गेटच्या स्पीकरमधून 'टुं' असा सूर ऐकू येत होता.

त्या 'टुं'नेच उत्तर दिलं. फोनवर दाबलेला आकडा पाठवायच्या तीन तऱ्हा आहेत. एक, सूर म्हणून आवाजातच मिसळून, ज्याला 'इनबँड' म्हणतात. दुसरी, आवाजाच्या वाटेनेच पण वेगळ्या पाकिटात. सेटिंगमध्ये ती 'आरएफसी २८३३' किंवा तिची नवी आवृत्ती 'आरएफसी ४७३३' या नावाने दिसते. तिसरी, निरोप्याच्या हाती, 'सिप इन्फो'. आईचा फोन सूर पाठवत होता, पॅनेल पाकिटाची वाट बघत होतं. पॅनेलने सूर इमानदारीत स्पीकरवर वाजवला आणि कुलपाला काही सांगितलं नाही. फोन आणि पॅनेल दोन्हीकडे 'आरएफसी २८३३' केलं, पुढच्याच दाबण्याला खट्‌कन गेट उघडलं. मध्ये पीबीएक्स असेल तर तिथेही हेच ठेवा.

उघडायचा आकडा कंपनीने दिलेला एकच चिन्हाचा असतो, तो बदला. चार आकडी करा. रिले, म्हणजे कुलपाची वीज चालू-बंद करणारा स्विच, तीन ते पाच सेकंद चालू ठेवली की पुरते.

वायरिंगबद्दल दोन गोष्टी इलेक्ट्रिशियनला आवर्जून सांगा. कुलपाची रिले बाहेरच्या पॅनेलच्या आतच असेल, तर कोणी चार स्क्रू काढून दोन वायरी जोडल्या की गेट उघडं. म्हणून सुरक्षा रिलेचं वेगळं मॉड्यूल घराच्या आत बसवा. बहुतेक कंपन्या ते देतात, आणि यावर झालेला खर्च मला सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो. दुसरी गोष्ट, डीसीवर चालणाऱ्या कुलपाच्या दोन टोकांवर '१एन४००७' डायोड उलटा लावून घ्या. कुलपाची वीज तुटताना त्यातली कॉइल जो झटका मारते त्याने रिलेचे कॉन्टॅक्ट जळतात. डायोडला अगदी किरकोळ पैसे पडतात.

चुंबकी कुलूप वीज गेली की उघडतं. इलेक्ट्रिक स्ट्राइक बहुधा उलटं, वीज गेली की बंदच राहतं. घराच्या गेटला दुसरं बरं, आतून हाताने उघडायची सोय ठेवून. सोसायटीच्या जिन्याचा, आगीच्या वेळी सुटकेचा दरवाजा असेल तर वीज गेल्यावर तो उघडलाच पाहिजे.

घराबाहेर

आता फोनचं वाय-फाय बंद करा, मोबाईल डेटावर या आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. बहुतेकांचं इथेच अडतं.

तुमचं पॅनेल स्वतःचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा समजतं. तो घराच्या आतलाच पत्ता. बाहेरच्या जगाला त्याचा उपयोग नाही. कॉल लावताना पॅनेल निरोपाच्या आत लिहितं, "माझा आवाज या पत्त्यावरून येईल, तुमचा इथेच पाठवा." म्हणजे पाकिटावर गावाचा पत्ता बरोबर आणि आत पत्रात "माजघरातल्या कपाटाशेजारी भेटा". निरोप पोचतो, फोन वाजतो, आवाज मात्र माजघर शोधत भटकतो. एकाच बाजूने ऐकू येणं किंवा काहीच ऐकू न येणं याचं कारण बहुतेक वेळा हेच.

यावर पॅनेलमध्ये 'स्टन' नावाची सेटिंग असते. स्टन सर्व्हर पॅनेलला "बाहेरून तू या पत्त्यावर दिसतोस" असं सांगतो. 'आइस' (शक्य त्या वाटा तपासून चालणारी निवडणारी सोय) चा पर्याय असेल तर तोही चालू करा. 'कीप अलाइव्ह' २० ते ३० सेकंद ठेवा, नाहीतर राउटर रिकामी वाट बंद करतो आणि मग बाहेरून पॅनेलला कॉल लागत नाही.

राउटरमध्येच 'सिप एएलजी' नावाची एक सोय असते. ती सिपचे निरोप वाचून त्यातले पत्ते स्वतःच दुरुस्त करायला जाते, आणि बरेचदा बिघडवते. आमची शांतता तिच्यामुळे होती. ती बंद केली, राउटर पुन्हा चालू केला, आणि पुण्यातल्या माझ्या फोनवर सांगलीच्या अंगणातल्या साळुंक्या ऐकू आल्या. काही राउटरमध्ये ती बंद करायचं बटणच नसतं. तिथे टीएलएस कामाला येतं: कुलूपबंद निरोप एएलजीला वाचता येत नाही, त्यामुळे बदलताही येत नाही.

टीएलएसला घड्याळ बरोबर लागतं, म्हणून वर एनटीपीचा आग्रह. आमच्याकडे लाइट जाऊन आली की पॅनेल राउटरच्या आधी जागं व्हायचं, वेळ न मिळाल्याने स्वतःला १९७० सालात समजायचं, आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र "अजून लागूच झालेलं नाही" म्हणून नाकारायचं. राउटर इन्व्हर्टरवर घेतल्यावर ते थांबलं.

कॉल नेमका ३२ सेकंदांनी तुटत असेल तर तेही या घराण्यातलंच दुखणं. 'उचलला' या निरोपाची पोच परत मिळाली नाही की सिपच्या नियमाप्रमाणे अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद वाट बघून कॉल सोडला जातो. तेव्हा इंटरनेटच्या वेगाला दोष देऊ नका, पुन्हा एएलजी आणि स्टनकडे जा.

या सगळ्याला कंटाळून कुणी सुचवेल, "राउटरमध्ये ५०६० पोर्ट पॅनेलकडे उघडून टाक." कृपा करून हे करू नका. उघडे ५०६० शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. पॅनेल आलेला कॉल आपोआप उचलत असेल तर अनोळखी माणसाला तुमच्या गेटवरचं बोलणं ऐकू जाईल, आणि कुलपाचा आकडा साधा असेल तर तो अंदाजाने दाबूनही बघता येईल. शिवाय बऱ्याच ब्रॉडबँडवर पोर्ट उघडून उपयोगही नसतो, कारण एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. राउटरचा डब्ल्यूएएन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला दिसला तर तुमचंही तसंच आहे. स्वतःचं पीबीएक्स घरात ठेवलं असेल आणि बाहेरून पोचायचं असेल तर टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी वाट) वापरा, ते अशा वाटलेल्या पत्त्यामागूनही चालतं. पॅनेलमध्ये 'फक्त सर्व्हरकडूनच कॉल घ्या' असा पर्याय असतो, तो चालू करा. आपोआप उचलणं हवंच असेल तर ठराविक खात्यांपुरतंच ठेवा.

फोनमधलं शेवटचं काम

अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवतो. अ‍ॅप उघडं असताना सगळं उत्तम आणि रात्रभर फोन पडून राहिला की सकाळी दूधवाल्याची बेल वाजत नाही, असं झालं तर त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढा, नोटिफिकेशन आणि लॉक पडद्यावर दिसायची परवानगी द्या. सेवेकडून 'पुश'ची सोय असेल तर ती चालू असल्याची खात्री करा. त्यामुळे झोपलेलं अ‍ॅप कॉल आला की जागं होतं. ही चाचणी पाच मिनिटांत होत नाही. फोन दोन-तीन तास तसाच पडू द्या, मग बेल दाबा.

गेटवर आवाज घुमत असेल तर आधी पॅनेलचा स्पीकर कमी करा, मग माइक. 'इको कॅन्सलेशन' चालू ठेवा. आईला ऐकू येण्यासाठी माइक वाढवायचा मोह होतो, पण रस्त्यावरची गाडी गेली की फक्त गाडीच ऐकू येते. त्यापेक्षा तिच्या फोनचा आवाज वाढवा.

सगळं चालायला लागलं की पॅनेलच्या सेटिंगची फाइल उतरवून ठेवा. पॅनेलचा आयपी पत्ता, तिन्ही खात्यांची नावं आणि कुठल्या स्विचच्या कितव्या पोर्टला ते जोडलंय, हे एका कागदावर लिहून राउटरच्या पेटीत आतल्या बाजूने चिकटवा. पासवर्ड आणि कुलपाचा आकडा त्यावर लिहू नका. आमच्याकडे ते बाबांच्या डायरीत आहेत, आणि आईच्या फोनला तिने पट्टी लावून ठेवलीय: "गेट. हिरवं बटण, मग आकडे."